शेवटच्या नळाचं घर

सोलापुरात घर बघायला निघालेला माणूस आधी नळ बघतो. भिंती, खिडक्या, वास्तू, शेजारपाजार हे सगळं नंतर. दारात चप्पल काढता काढताच तो विचारतो, "पाणी किती दिवसाआड?" आणि मग, "किती वाजता?" उत्तर पटलं तर आत शिरतो, नाहीतर चप्पल पुन्हा पायात. यात हसण्यासारखं काही नाही. जिथं पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, तिथं शहाणा माणूस दुसरं काय करणार?

आता जो माणूस स्वतःच गावाला पाणी सोडतो, त्यानं घर कसं बघावं?

गुरुशांत हत्तुरे हा विजापूर रोडच्या सैफुल भागातला चावीवाला. रस्त्याखालच्या चेंबरांमध्ये पाण्याचे जे व्हॉल्व्ह असतात, ते वेळापत्रकाप्रमाणे उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी मोपेडला आडवी बांधून पहाटे पाचला तो पहिल्या चेंबरपाशी हजर असायचा. बावीस वर्षांत त्याच्या हातून कधी उशीर झाला नाही. बायका त्याला दुवा द्यायच्या, पाणी कमी आलं की शिव्याही द्यायच्या, आणि तो दोन्ही सारख्याच मुकाट्यानं घ्यायचा.

हे काम त्याला शिकवलं येडूमामा या जुन्या चावीवाल्यानं. पहिल्याच दिवशी गुरुशांतनं व्हॉल्व्हचे आटे फिरवले, पाइपातून पाणी घुमल्याचा आवाज ऐकला आणि खूश होऊन हात झटकले. येडूमामा म्हणाले, "लई शाणा हायस. चावीपाशी उभा राहून पाणी कळतंय व्हय? हितं कायम दांडगंच असतंय. कळायचं असंल तर शेवटच्या नळावर जा." तेव्हापासून गुरुशांतचा नेम ठरला. व्हॉल्व्ह उघडला की तो मोपेडला टांग मारून लाइनीच्या शेवटच्या घरी जायचा, तिथल्या नळाखाली बादली धरायचा आणि ती किती वेळात भरते ते बघायचा. शेवटच्या घरात पाणी पोचलं म्हणजे गल्लीला पोचलं. मधल्या लोकांना विचारायची गरजच नाही.

असा हा माणूस लग्न झाल्यापासून शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. मुलगी काव्या नर्सिंग शिकायला पुण्याला होस्टेलवर होती, म्हणजे घरात आता तो आणि बायको सिद्धेश्वरी, दोघंच. यंदा घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मालकानं अगदी गोडीगुलाबीनं सांगितलं, "दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा." राग धरावा असं त्यात काही नव्हतं. नवराबायकोनं पै-पै साठवलेली होती, पतसंस्थेनं कर्जाला होकार दिला होता. आता घर घ्यायचंच, असं ठरलं.

ही बातमी प्रभुलिंग एजंटाला कशी लागली देव जाणे. गुळाच्या ढेपेला मुंगळा लागायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो हजर झाला.

"मामा, तुमाला घर मी देणार. दुसऱ्याकडं गेला तर माझ्या गळ्याची आण हाय."

सैफुलच्या पुढं त्याच्या ओळखीच्या बिल्डरनं बैठी घरं बांधली होती. निम्मी पडून होती. प्रभुलिंगचं डोकं बिनतोड होतं. चावीवाल्यानंच तिथं घर घेतलं, तर बाकीची घरं विकायला जाहिरात कशाला हवी? ज्या कॉलनीत चावीवाला राहतो तिथं पाण्याला काय तोटा! खरं तर चावीवाल्याच्या घराला सोन्याचा पाइप नसतो. त्याच्याही नळाला शेजाऱ्याच्या नळाएवढंच पाणी येतं. पण हे लोकांना पटवून देणारा अजून जन्माला यायचाय.

गुरुशांत मात्र असल्या गोष्टींनी हुरळणारा नव्हता. त्यानं त्या घराच्या नळाची परीक्षा घेतली. एकदा नव्हे, चार पाळ्या. चारही वेळेला बादली अर्ध्या मिनिटाच्या आत भरली. शिवाय त्याचं पहिलं चेंबर त्या घरापासून तीनशे पावलांवर. म्हणजे पहाटेची मोपेडची रपेट बंद, नाष्ट्याला घरी, जेवायला घरी, दुपारी वाटलं तर घटकाभर आडवं व्हायलाही घरी.

थोरली बहीण अक्कम्मा मुद्दाम अक्कलकोटहून घर बघायला आली. तिनं नळ सोडला, धार बघितली आणि दोन्ही हात जोडले.

"हौदु, व्हय गुरु, हेच घे. नोकरी दारात, पाणी घरात. माणसाला आणि काय पायजे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सिद्धेश्वरीनंही डोलावली. सोमवारी दुपारी चार वाजता इसार द्यायचा ठरला.

सिद्धेश्वरीलाही नोकरी होती, हे कुणी विसरलं होतं असं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कामाला होती. आधी कडा शिवायची, आता चेकिंगला होती. टॉवेलवरून नुसता हात फिरवला की सुटलेला धागा तिच्या बोटाला लागायचा, डोळ्यांनी बघावंही लागायचं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तो कारखाना सैफुलच्या नेमक्या उलट्या टोकाला आहे, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. शहाणी माणसं कधी कधी सगळी एकदम एकाच जागी चुकतात, तशातली ही गत.

शनिवारी संध्याकाळी सिद्धेश्वरी भाकऱ्या थापत होती. गुरुशांत उंबऱ्यात बसून लसूण सोलत होता.

"सोमवारी इसार देतो. तू काय म्हणतीस?"

"चांगलं हाय घर."

"चांगलं म्हंजे?"

"पाणी हाय. तुमाला जवळ हाय. चांगलंच की."

बावीस वर्षं नळाखाली बादली धरलेल्या माणसाला धार बारीक झालेली लगेच कळते. गुरुशांतनं लसूण खाली ठेवला.

"खरं बोल की."

सिद्धेश्वरीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि तव्याकडे बघतच म्हणाली, "मायाक्का दसऱ्याला कामावरनं सुटतीय. तिच्या जागी शेठनी मला विचारलं होतं, चेकिंगचा हॉल सांभाळशील का म्हणून. मी सांगितलं, दुसरी कुणीतरी बघा."

"कधी?"

"झालं की चार दिवस."

"अगं, पण का?"

"हॉलची चावी मिळती त्या बाईला. आठच्या ठोक्याला कुलूप काढून दारात उभं राहावं लागतंय. सैफुलहून मी आठला कशी पोचू? हितनं जाते तर धापा टाकत जाते. त्यात पाण्याच्या दिवशी दांडी. दांड्या मारणारीच्या हातात कोण देईल चावी?"

"सैफुलहून किती लागतंय असं? अर्धा तास!"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"तुमच्या मोपेडला अर्धा तास. मला कुटं हाय मोपेड?"

तिला मोपेडवर सोडावं म्हटलं तर त्याच्या चाव्या पहाटे पाचला सुरू व्हायच्या. अशा कोंडीत सापडला की पुरुषमाणूस चिडतो, तसा गुरुशांत चिडला.

"मोजून बघतो मी."

"बघा की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "मग दुसरी बघितली का शेठनी?"

"न्हाय अजून. मायाक्का म्हणली त्यांना, दसऱ्यापातूर थांबा."

सोमवारी गुरुशांतनं रजा टाकली. त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं आणि पावणेसातला सैफुल चौकात जाऊन उभा राहिला. मोपेड घरीच. हातात सिद्धेश्वरीची जुनी पिशवी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. मोजायचं तर भरल्या हातानं मोजायचं, हा त्याचा बाणा.

पहिली शेअर रिक्षा आली ती गच्च भरलेली. दुसरीही. तिसरीत ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी मांडी टेकेल एवढी जागा मिळाली, उरलेली मांडी वाऱ्यावर. सात रस्त्याला उतरला तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. तिथनं शांती चौकाची रिक्षा. ती रिकामी होती, आणि खरी अडचण तीच होती. भरल्याशिवाय ती हलेना. "अजून एक शीट, मामा, एकच," असं म्हणत ड्रायव्हरनं चार शिटा होईपर्यंत तंबाखू मळला. शांती चौकात पुन्हा उतरायचं, पुन्हा तिसरी रिक्षा, पुन्हा गर्दी. एका बाईचा डबा त्याच्या बरगडीत रुतला आणि त्याचा डबा दुसऱ्या कुणाच्या. कारखान्याच्या फाटकाशी त्यानं घड्याळ बघितलं. आठ वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

येताना एवढं, तर जाताना किती? संध्याकाळी तर याच रिक्षांना दुप्पट माणसं. गुरुशांतनं हिशेब करायचं टाळलं, पण तो आपोआप झाला. सैफुलच्या घरात तिचे रोजचे तीन-साडेतीन तास नुसते रस्त्यात जाणार होते. रोज!

हॉलच्या दारात मायाक्का उभी होती. साठीची, कपाळाला विभूती, कमरेला चावी खोचलेली. तिनं त्याला ओळखलं.

"काय हो चावीवाले, आज आमच्याकडं पाणी सोडायला आला का?"

"न्हाय मायाक्का. मोजायला आलोय."

तिला तो काय म्हणतो ते कळलं असावं. ती आत गेली आणि ढिगाआड कामात असलेल्या सिद्धेश्वरीला कळू न देता हजेरीचं बुक घेऊन आली. सिद्धेश्वरीच्या नावाची ओळ तिनं बोटानं दाखवली.

"बघा. काम हिच्यासारखं ह्या हॉलात कुणाचं न्हाय, हे मी शेठच्या तोंडावर सांगितलंय. पण ह्या लाल खुणा बघा. शेठ म्हणतो, मायाक्का, ह्याचं काय करू?"

गुरुशांतनं बघितलं. दर चार-पाच दिवसांनी एक लाल खूण. कधी अर्धा दिवस, कधी पूर्ण. बाकी कुणाला त्या खुणांत काही दिसलं नसतं, पण साऱ्या शहराचं पाण्याचं वेळापत्रक गुरुशांतला तोंडपाठ होतं. त्या तारखा शुक्रवार पेठेच्या पाण्याच्या होत्या. एकही चुकलेली नव्हती.

त्याची नजर खालच्या ओळींवर गेली. त्या हॉलात सैफुलकडून येणाऱ्या, त्याच्या ओळखीच्या दोघी होत्या. त्यांच्याही पुढं लाल खुणा. आणि त्या तारखा तर त्याच्या स्वतःच्या होत्या. ज्या ज्या दिवशी त्यानं त्यांच्या गल्लीची चावी फिरवली होती, त्या त्या दिवशी या बायका कामावर आल्या नव्हत्या. घरात बसून नळाची वाट बघत होत्या.

बावीस वर्षं तो शेवटच्या नळावर जात होता. पाणी पोचलं की नाही ते बघत होता. ते पाणी भरायला कोण घरी थांबलंय आणि काय सोडून थांबलंय, हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. स्वतःच्या घरातसुद्धा! गुरुशांतला लाज वाटली. मायाक्काला नमस्कार करून तो बाहेर पडला.

परतीच्या रिक्षेत बसायचं त्याला जिवावर आलं, म्हणून तो पायीच निघाला. नीलमनगरच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड चालू होती. डोकं शांत व्हावं म्हणून चालत सुटलेला माणूस जसा वाट फुटेल तिकडं जातो, तसा तो एका गल्लीच्या टोकाला आला. शेवटच्या घराच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'घर विकणे आहे'. उन्हात खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. नबीसाब त्याचं नाव. जन्मभर मागावर काम केलेला, आता मुलाकडं पुण्याला निघालेला.

"चाचा, घर बघू का?"

"देखो ना, बाबा. पण आधीच सांगतो, नळ बघून परत जाशील. सगळे जातात." म्हाताऱ्यानं स्वतः उठून नळ सोडला. नशिबानं त्या दिवशी त्या गल्लीत पाणी होतं. धार करंगळीएवढी. "गल्लीचं शेवटचं घर. यहाँ तक पानी थकून येतं. झूठ कशाला बोलू?"

गुरुशांतनं सवयीनं बादली मागितली. बादली भरायला चार मिनिटं लागली. तो निघणार, तेवढ्यात त्याला अंगणात लाकडी फळ्यांनी झाकलेलं काहीतरी दिसलं.

"ते काय हाय?"

"हौद. आमचे अब्बा सूत रंगवायचे त्यात. आता नुसता खड्डा. गिऱ्हाईक म्हणतं, आधी हा बुजवून द्या."

गुरुशांतनं फळ्या बाजूला केल्या. आत डोकावला. मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ आत उतरला. नबीसाब घाबरला, त्याला वाटलं गिऱ्हाईक पडलं. गुरुशांतनं हौदाच्या भिंती ठोकून बघितल्या, दोन्ही हात पसरून वावेनं लांबी मोजली, हातानं खोली मोजली. कडा पक्की होती. तडा कुठं नव्हता. पाच दिवसांचं पाणी मावून वर उरेल एवढा तो हौद होता. वर आला तेव्हा त्याचे तळवे जुन्या रंगानं निळे झाले होते आणि तो एकटाच मोठ्यानं हसत होता.

"क्या हुआ, बाबा?"

"चाचा, पाण्याला चढायला जोर लागतो. उतरायला लागत न्हाय."

गोष्ट साधी होती, पण चावीवाल्यालाच सुचावी अशी. त्या गल्लीच्या शेवटी येणाऱ्या पाण्यात वरच्या टाकीत चढायची ताकद नव्हती. नळाच्या तोटीतून पडायलाही ते कंटाळत होतं. पण तोच पाइप खाली वळवून जमिनीतल्या हौदात सोडला, तर पाणी आपल्या पायांनी चालत आलं असतं. हौदाला तरंगता बॉल बसवायचा, भरला की तोटी आपोआप बंद. बादली धरायला माणूस नको, वाट बघायला बाई नको. धार बारीक असेना का, पाणी तीन-चार तास येणारच होतं.

मग तो घराच्या दारातून कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेला. आठ मिनिटं. तो थांबला, पुन्हा दारात आला आणि या खेपेला सिद्धेश्वरीच्या चालीनं चालला. अकरा मिनिटं.

दुपारी चारला प्रभुलिंग पेढ्यांचा पुडा घेऊन शुक्रवार पेठेत हजर. गुरुशांतनं त्याला बसवलं, चहा दिला आणि सांगून टाकलं. प्रभुलिंगचा पेढा घशातच अडकला.

"नीलमनगर? शेवटचं घर? मामा, तितलं पाणी बघितलं का?"

"बघितलं. बारीक हाय."

"लोक मला काय म्हणतील? चावीवाला माझ्या कॉलनीतनं पळाला म्हणतील!"

"माझ्या घराला पाण्याची जाहिरात करायची न्हाय रं बाबा. राहायचं हाय."

अक्कम्माला फोनवर कळलं तेव्हा तिनं अक्कलकोटहूनच कपाळ बडवलं. "एन माडिदप्पा गुरु! काय केलंस हे! चावीवाला असून कोरड्या नळाच्या घरात जातोस? आणि तुला सैफुल किती लांब पडंल!"

"अक्का, पाणी हौदात साठवता येतंय. येळ कुटं साठवायचा?"

अक्कम्मा म्हणाली, "काय बोलतोस ते तुझं तुला माहीत," आणि फोन ठेवला. तिच्या भाषेत हा होकार होता.

संध्याकाळी सहाला गुरुशांत पुन्हा कारखान्याच्या फाटकाशी. सिद्धेश्वरी बाहेर आली आणि त्याला बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? काव्या बरी हाय न्हवं?"

"सगळी बरी हायत. चल, जरा काम हाय."

तो नुसता घड्याळाकडे बघत तिच्या शेजारून चालत राहिला. नबीसाबच्या दारात आल्यावर ती म्हणाली, "हे कुणाचं घर?"

"आत ये की."

आत शिरल्या शिरल्या तिनं काय केलं असेल? सोलापूरची बाई. सरळ नळापाशी गेली आणि तोटी फिरवली. पाणी केव्हाच गेलं होतं, दोन थेंब पडले. तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं.

"तुमाला हे चालतंय?"

मग त्यानं तिला हौद दाखवला. पाइप कुठनं वळवणार, बॉल कुठं बसवणार, आत नवा गिलावा कसा करणार, सगळं हात हलवून सांगितलं. ती ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर शेवटी त्यानं खालच्या आवाजात म्हटलं, "मायाक्कानं बुक दाखवलं मला. लाल खुणांचं."

सिद्धेश्वरी हौदाच्या काठावर बसली. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. एकोणीस वर्षांत तिनं तक्रार केली नव्हती, त्यामुळे आता नेमकं कुठून सुरू करावं ते तिला कळेना.

"आणि तुमची पहाट? हितनं सैफुल म्हंजे गावाचं दुसरं टोक."

"मला मोपेड हाय की."

ती हसली. रडता रडता हसली. मग एकदम उभी राहिली.

"शेठला उद्या सांगू?"

"उद्या कशाला? मायाक्का आत्ता हॉल बंद करत असंल."

दोघं उलट पावली निघाले. मायाक्का खरंच कुलूप लावत होती. सिद्धेश्वरीला परत आलेली बघून ती म्हणाली, "काय गं? एवढी धावत का आलीस?"

"धावत न्हाय आले, मायाक्का," सिद्धेश्वरी म्हणाली. "चालत आले."

दसऱ्याला मायाक्कानं कमरेची चावी काढून सगळ्या हॉलासमोर सिद्धेश्वरीच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या, शेठनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात नीलमनगरच्या घरात सामान आलं. गुरुशांतनं दाराआड आपली लोखंडी चावी उभी केली आणि तिच्या वर, सिद्धेश्वरीच्या हाताला येईल अशा उंचीवर, एक खिळा ठोकला. हॉलची चावी तिथं अडकवली. दोन चावीवाल्यांचं घर, असं गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या.

प्रभुलिंगही महिन्याभरात सावरला. ज्याचा धंदा बोलण्यावर चालतो तो माणूस किती दिवस रुसणार? त्याच गल्लीतलं आणखी एक पडीक घर त्यानं विकायला घेतलं आणि गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगितलं, "विचार करा, चावीवाल्यानं हितं घर का घेतलं असंल!" आणि त्या घरातला जुना हौद दाखवला. गल्लीत असे अजून चार हौद निघाले. सगळ्यांनीच काही ते बुजवले नव्हते.

नव्या घरातली पाण्याची पहिली पाळी गुरुवारी आली, सकाळी दहाची. त्या वेळी सिद्धेश्वरी हॉलात होती, टॉवेलांच्या ढिगापुढं उभी. गुरुशांत शहराच्या पलीकडच्या टोकाला, सैफुलच्या शेवटच्या नळाखाली बादली धरून. घरात कुणीच नव्हतं. दोघांचंही लक्ष दिवसभर कामात नव्हतं, पण दोघांनीही ते कुणाला कळू दिलं नाही. हजेरीच्या बुकात त्या तारखेला सिद्धेश्वरीच्या नावापुढं लाल खूण पडली नाही.

संध्याकाळी गुरुशांतला परतायला साडेसहा झाले. मोपेडवर पाठ दुखत होती, रस्ता लांब होता, आणि तरी तो गुणगुणत होता. गल्लीच्या तोंडाशी त्यानं मोपेड बंद केली आणि ती ढकलत निघाला. दिवस मावळला होता, पण थोडा उजेड अजून होता.

सिद्धेश्वरी दाराच्या पायरीवर बसली होती. शेजारी रिकामी कपबशी. मागं हौदावरची फळी बाजूला सरकवलेली होती आणि काठोकाठ भरलेलं पाणी तिथूनसुद्धा दिसत होतं. तिच्या हातात सूप नव्हतं, सुई नव्हती, निवडायला भाजी नव्हती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण तिला असं रिकाम्या हातांनी बसलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याला क्षणभर काळजीच वाटली.

"काय गं, काय करतीस?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "बसलेय."